मातीत मिसळायचंच असेल तर

प्रश्न : अमेरिकेत मृतदेहाचं खत करतात असं वाचलं. आम्ही पाचट आणि शेण कुजवून खत करतोच. वडिलांनीही तशीच इच्छा बोलून दाखवली आहे. आमच्या शेतात करता येईल का?
– एक शेतकरी वाचक, करवीर

उत्तर : शेतात अजिबात करू नका. आपल्याकडे या पद्धतीला कायद्याची मान्यता नाही, आणि पाचटाच्या खड्ड्यात ते साधतही नाही. वॉशिंग्टन राज्यानं 2019 मध्ये कायदा केल्यावर सिएटलच्या परिसरात हे बंद टाकीत सुरू झालं. देहाभोवती लाकडाच्या ढलप्या, लसूणघास आणि काड भरतात. देह ओला, नत्रानं भरलेला; कोरडा माल कमी पडला की अमोनियाचा उग्र वास सुटतो. बारीक भुसा घातला तर तो दबतो, हवा अडते आणि कुजण्याऐवजी सडतं. म्हणून ढलप्या जाड हव्यात आणि टाकीत हवा खेळवावी लागते. आतली उष्णता सलग 3 दिवस 55 अंशांवर राहावी लागते, तेव्हा रोगजंतू मरतात. उघड्या खड्ड्यात कडेचा माल थंडच राहतो. बंद टाकीतही 5 ते 7 आठवड्यांनी हाडं उरतात. ती यंत्रानं दळून परत मिसळतात आणि माती आणखी काही आठवडे मुरवतात. शेवटी साधारण पाऊण घनमीटर माती मिळते.

वडिलांच्या इच्छेचा मान आजही राखता येतो. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत शेणींवर (गोवऱ्यांवर) दहन होतं, होळीला लोक तिथं शेणी दान करतात. तेवढं लाकूड वाचतं. तुमच्यात दफनाची रीत असेल तर नेमून दिलेल्या जागेतच, वर सिमेंटचं बांधकाम न करता करा. दहन झालं तर रक्षा शेतात घालता येते, पण खालचं उत्तर वाचून.

प्रश्न : रक्षाविसर्जनाला नदी टाळून सगळी रक्षा आंब्याच्या रोपाच्या बुडात घातली. महिन्यात पानं पिवळी पडून रोप गेलं. असं का झालं?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : रक्षा अल्कधर्मी आणि खारट असते. तुमच्याकडची काळी जमीन मुळातच चुनखडीची. त्यात सामू (पीएच) आणखी चढला की लोह मुळांना मिळत नाही. उसावर केवडा पडतो, म्हणजे लोहाअभावी पानं पिवळी पडतात, तसंच हे. पन्हाळा-राधानगरीच्या तांबड्या, आम्ल जमिनीत हा त्रास कमी होतो. पुढच्या वेळी रक्षा पाच-सहा खड्ड्यांत वाटा, दर खड्ड्याला दोन-तीन ओंजळी, भरपूर शेणखतात कालवून. मुळांना थेट लागू देऊ नका. शक्यतो पावसाळ्याच्या तोंडाला खड्डे भरा, दोन-चार चांगले पाऊस होऊन क्षार धुऊन जाऊ देत, आणि मगच रोप लावा.