घरपट्टी भरतो, नमुना ८ आहे, तरी गायरानातले घरकुल का अडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या नावाने प्रधानमंत्री आवास योजनेतले घरकुल मंजूर झाले, वस्ती गायरानात आहे, घर वीस-पंचवीस वर्षांचे, घरपट्टी कधी थकवली नाही, लाईटचा मीटरही आहे. आणि आता ग्रामसेवक म्हणतात, जागा तुमच्या नावावर नाही, जागेचा फोटो मारून घरकुलाची नोंद करता येणार नाही. मग इतकी वर्षे पट्टी कशाची घेतली?

पट्टी घराची घेतली, जागेची नाही. नमुना ८ चा उतारा समोर घ्या आणि दोन रकाने वाचा. एक मालकाचा, दुसरा भोगवटा करणाऱ्याचा. गायरानातल्या घरांना मालकाच्या रकान्यात बहुधा 'शासन' नाहीतर 'ग्रामपंचायत' लिहिलेले असते आणि आपले नाव भोगवट्यात. काही उताऱ्यांवर दोन्हीकडे आपलेच नाव असते, पण त्यावरही विसंबू नका. ही कर आकारणीची वही आहे. जागा कोणाची हे सातबारा सांगतो, आणि घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका. म्हणून आधी तलाठ्याकडून आपल्या गटाचा सातबारा काढा. तिथे 'गुरचरण' (म्हणजे गायरानच) आहे, नुसते 'सरकार' आहे, की वनविभाग, यावर पुढचे सगळे अवलंबून. सगळी वस्ती 'गायरान' म्हणते आणि कागदावर साधी सरकारी पड निघते, असेही होते. तसे निघाले तर तुमचे काम निम्मे सोपे.

ड्रोन मोजणीची आशा मात्र धरू नका. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मोजणी होते ती गावठाणातल्या घरांची. गावठाणाबाहेरच्या वस्तीला त्यातून सनद, म्हणजे मालकीचा कागद, मिळत नाही.

तुमच्या उपयोगाचा आहे तो ग्रामविकास विभागाचा १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय. ग्रामीण भागात सरकारी जागेवर राहण्यासाठी केलेली, १ जानेवारी २०११ पूर्वीची अतिक्रमणे नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करण्याचा तो निर्णय, आणि तो काढला गेला तो घरकुल लाभार्थ्यांची हीच अडचण सोडवायला. प्रस्ताव ग्रामपंचायतीतून निघतो आणि मंजुरीचे अधिकार दिलेल्या शक्तिप्रदत्त समितीपुढे जातो. खरे भांडण असते ते तारखेचे. मालकीसाठी निकामी ठरलेला तुमचा नमुना ८ इथे कामाला येतो: २०११ च्या आधीचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, जुने लाईट बिल, मतदार यादी, जे सापडेल ते जोडा.

याहून भारी पुरावा तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि लोक त्याच्याच वाटेला जात नाहीत. गाव नमुना १-ई, म्हणजे सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंदवही. त्यात नाव असणे म्हणजे गुन्हेगारांच्या यादीत नाव असणे, असे लोकांना वाटते. वडिलांना कधीकाळी दंड झाला असेल तर त्याची पावती लपवून ठेवलेली असते, नाहीतर फाडून टाकलेली. अहो, अमुक साली अमुक माणूस या जागेवर होता हे महसूल खात्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, याहून चांगला साक्षीदार कुठून आणणार? आमच्या तालुक्यात मी लोकांना अशा फायली लिहून देतो. १-ई ची नक्कल जोडलेल्या फाईलवर तारखेचा आक्षेप क्वचितच येतो. नक्कल तोंडी मागू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

गावात कोणीतरी तुम्हाला १४ एप्रिल १९९० ची अट सांगेल. ती २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयातली, गायरान कसणाऱ्यांसाठी. तिचा राहत्या घराशी संबंध नाही.

आता अवघड भाग. सातबाऱ्यावर 'गुरचरण' निघाले तर अधिकारी दोन कागद पुढे करतील. एक, गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे काढा असे सांगणारा, जगपाल सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आणि त्याला धरून राज्याने १२ जुलै २०११ ला काढलेला निर्णय. दुसरा, जमीन महसूल संहितेचे कलम २२-अ, ज्याने गायरान दुसऱ्या कामाला वापरायला बंदी केली. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानातली अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हापासून तर कोणी सही करायला धजत नाही. पण जगपाल सिंगचा निकाल शेवटपर्यंत वाचा. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर तो अपवाद धरता येईल असे त्याच निकालात आहे. अपवाद अरुंद आहे, आपोआप लागू होत नाही. तरी तुमचे कुटुंब भूमिहीन असेल तर तसा दाखला काढून प्रस्तावात हा मुद्दा लेखी मांडा, आणि नाकारायचे तर कारणासह लेखी नाकारा म्हणावे. बेदखलीची नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. नोटीस घेतलीच नाही म्हणजे सुटलो, असे समजू नका.

माझे मत विचाराल तर गुरचरणात अडकलेल्यांनी फाईल चालू ठेवून दुसरी वाटही धरावी. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने घरकुलाला जागा खरेदी करण्याची योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत. अनुदान आधी ५० हजार होते, ते १ लाख झाले आहे. रस्त्यालगत त्यात काही मिळणार नाही, पण आतल्या बाजूला मिळते. तुकडेबंदीचा, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी घालणाऱ्या कायद्याचा, अडथळा येईल, त्यावर घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळते. सपाट भागात घरकुलाचे मूळ अनुदान १ लाख २० हजार, वर रोजगार हमीची मजुरी. तेवढ्यात २६९ चौरस फूट बांधताना काय होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे जागेसाठी सावकार गाठू नका. आणि 'माझी गायरानातली जागा घे, बाँडवर लिहून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जे त्याचे नाही ते तो विकणार कसे? नोटरीच्या शिक्क्याने सरकारी जमीन कोणाची होत नाही.

सातबाऱ्यावर वन निघाले तर रस्ताच वेगळा. २००६ चा वनहक्क कायदा, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा, ग्रामसभेकडे दावा. आदिवासी नसाल तर तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो.

एक आतली गोष्ट. घरातले कोणी ग्रामपंचायतीला उभे राहणार असेल तर आत्ताच थांबवा. सरकारी जागेवर अतिक्रमण असलेला सदस्य अपात्र ठरतो, आणि अतिक्रमण घरच्या माणसाचे असले तरी त्यात राहणारा सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. पडलेला उमेदवार पहिली धाव घेतो ती तुमच्या नमुना ८ च्या नकलेसाठी. प्रस्ताव पुढे पाठवायला सरपंच टाळाटाळ करत असतील तर त्यामागे कधीकधी हेच असते. एक फाईल उघडली की त्यांच्या स्वतःच्या गोठ्याचाही गट नंबर निघतो.

सातबारा हातात आला की 'इतर अधिकार' रकान्यात काय लिहिले आहे ते इथेच कळवा, प्रस्तावाचा मसुदा देतो. घरकुल आईच्या नावाने आहे, तेव्हा नियमानुकूल करण्याचा अर्जही आईच्याच नावाने करा. वडील असतील तर दोघांची नावे घाला. भावाचे किंवा तुमचे नाव घातलेत तर मंजुरी एकाच्या नावाने आणि जागा दुसऱ्याच्या, असा नवाच घोळ होईल.