स्टिअरिंग लॉक काढताना घाई नको

आधी बॅटरीची अर्थ वायर काढ, मगच इग्निशन स्विचला हात लाव. वायरींचे फोटो काढून ठेव. जुन्या गाड्यांत रंग इतके उडालेले असतात की नंतर ओळखू येत नाहीत.

खरी कसोटी लॉकला स्टिअरिंग कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या आवरणावर) धरून ठेवणाऱ्या बोल्टची. चोरी होऊ नये म्हणून त्यांची डोकी बसवतानाच तुटतील अशी केलेली असतात, त्यामुळे पाना लागतच नाही. बोल्टच्या मधोमध सेंटर पंच (खूण पाडायचा टोकदार खिळा) मार आणि उलट्या फिरण्याच्या ड्रिल बिटने सावकाश भोक पाड. बरेचदा बोल्ट आपोआप सुटून येतो. हातोडीने कॉलम ठोकू नकोस, तो वाकतो.

किल्ली असेल तर लॉकचा नळा, म्हणजे किल्ली जाते तो भाग, वेगळा काढता येतो: ती ठरावीक खुणेवर फिरवून बारीक छिद्रातली स्प्रिंगची पिन दाबायची. नवे बोल्ट आधी हलकेच आवळ, लॉक नीट बसतो-सुटतो का पाहा, मगच पूर्ण आवळून डोकी तोड.