वाचकांचे प्रश्न : शिक्षा हवी, पण कुणाला आणि कशी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी तरी शिक्षेबद्दल आहेत. सगळ्यांत संताप आहे, काहींत शिव्या पण आहेत (त्या वगळल्यात). चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : मॅडम, २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात रुळावर बसलेल्यांत मी पण होतो. मला लहान मुलगी आहे. पुढे तो आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले, मी पण खाल्ला, खोटं कशाला बोलू. आता म्हणे पोलिसांवरच कारवाई. आरोपीचे हक्क आरोपीचे हक्क करता तुम्ही वकील लोक, त्या दोन लेकरांचं काय? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : तुम्ही रुळावर बसलात ते बरोबरच केलंत असं मला वाटतं. चार वर्षांच्या मुली, शाळेच्या आत त्यांच्यावर झालेला लैंगिक अत्याचार, आणि आईबाप तक्रार द्यायला गेले तर त्यांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं, एफआयआर घ्यायलाच उशीर. लोक रस्त्यावर आले तेव्हा यंत्रणा हलली आणि हायकोर्टानेही स्वतःहून दखल घेतली. हा राग नसता तर ते प्रकरण तिथंच दडपलं गेलं असतं, मला त्याबद्दल शंका नाही.

पेढ्यांबद्दल मात्र मला बोलायचंय. २३ सप्टेंबर २०२४ ला तळोजा जेलमधून त्याला घेऊन निघालेल्या गाडीत मुंब्रा बायपासजवळ गोळी चालली, पोलीस म्हणाले त्याने पिस्तूल हिसकावलं. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टासमोर अहवाल आला, त्यात गाडीतल्या ५ पोलिसांना जबाबदार धरलं होतं. पुढे काय ते कोर्टात ठरेल. पण तुम्ही विचारलंत ना लेकरांचं काय, तर मी सांगते काय झालं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथंच संपतो. त्या मुलींच्या बाबतीत नेमकं काय घडलं, किती दिवस चाललं होतं, शाळेत कुणाला माहीत होतं आणि कोण गप्प बसलं, हे त्याच्या खटल्यात साक्षीपुराव्यातून बाहेर आलं असतं आणि निकालपत्रात कायमचं नोंदलं गेलं असतं. आता विश्वस्तांवर माहिती वेळेत न दिल्याचा गुन्हा आहे, ती केस वेगळी. मुख्य माणसाविरुद्धचा निकाल त्या आईबापांना आता कधीच मिळणार नाही. त्या रात्री ज्यांना खरंच हायसं वाटलं असेल त्यांच्यात शाळेचा कारभार बघणारे आणि तक्रार लांबवणारे पण असणार, हे लक्षात घ्या.

आणि दुसरं, जे मला जास्त छळतं. तुम्ही म्हणाल तोच होता, सगळ्यांना माहीत होतं. असेल. पण "सगळ्यांना माहीत होतं" यावर मी विश्वास ठेवत नाही आणि त्याला कारण नाशिकची केस आहे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतमजूर कुटुंबावर रात्री हल्ला झाला, ५ जणांचा खून, बलात्कार, वाचून अंगावर काटा येतो इतकं भयंकर. पोलिसांनी ६ जण पकडले, भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे, वकील लावायची ऐपत नसलेले. सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून सगळ्यांना परत फाशी दिली. म्हणजे तीन कोर्टांनी पाहिलं, तिघांनी दोषी धरलं, आणखी काय हवं माणसाला खात्री पटायला?

५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. का, तर त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोन दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार भलतेच लोक ओळखले होते, सराईत गुन्हेगार, आणि हा कागद खटल्यात पुढे आणलाच गेला नाही. त्या चौघांचा तपास झालाच नाही. हे सहा जण १६ वर्षं आत, बरीचशी वर्षं फाशीच्या छायेत, आणि त्यातला एक तर घटनेच्या वेळी १८ चा पण नव्हता हे पुढे सिद्ध झालं. कोर्टाने सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. १६ वर्षांचे ५ लाख. आणि ज्यांनी त्या घरातली माणसं खरंच मारली ते कुठं आहेत? मी ही केस वाचते तेव्हा मला त्या सहा जणांइतकाच त्या वाचलेल्या बाईचा विचार येतो. तिने खरं सांगितलं होतं आणि ते फाइलमध्ये दाबून ठेवलं. चुकीचा माणूस पकडला की खऱ्या माणसाची फाइल बंद होते, हा पीडितेवर झालेला दुसरा अन्यायच आहे.

आता विचार करा, २००३ मध्ये त्या सहा जणांना गाडीतच "पिस्तूल हिसकावताना" मारलं असतं तर? आपण पेढे वाटले असते आणि आज पण आपल्याला काहीच कळलं नसतं. हैदराबादला ६ डिसेंबर २०१९ ला बलात्कार आणि खुनाच्या केसमधल्या चौघा आरोपींना पोलिसांनी पहाटे मारलं, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपले न्या. विकास सिरपूरकर होते, त्यांच्या अहवालात आलं की गोळीबार जीव घेण्याच्या हेतूने मुद्दाम केला होता आणि चारांपैकी तिघे अल्पवयीन होते. तोवर फुलं सुकून गेली होती, अहवाल किती जणांनी वाचला देव जाणे.

म्हणून आरोपीचे हक्क हे काही आरोपीवर उपकार नव्हेत. उलटतपास, वकील, पुरावा, हे सगळं आपण बरोबर माणूस पकडलाय ना हे तपासायचा एकच रस्ता आहे आपल्याकडे. तो हळू चालतो, रडतखडत चालतो, मान्य आहे. मी रोज तिथंच असते, पंच फितूर होताना बघते, सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणं) आला नाही म्हणून तारीख पडताना बघते, माझा पण जीव वैतागतो. पण मग रस्ता नीट करा ना, एफआयआर लगेच घ्या, फॉरेन्सिकचे रिपोर्ट वेळेत द्या, पोक्सो कोर्टात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केस चालतात तिथे) जज आणि स्टाफ भरा. तुम्ही परत रुळावर बसाल तेव्हा हे मागा, मी येईन शेजारी बसायला.

प्रश्न : पुण्यात श्रीमंताच्या पोराने गाडीने दोन तरुण जिवांना उडवलं आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून सोडलं. गरिबाच्या पोराला असं सोडलं असतं का? १७ वर्षांचा म्हणे लहान! दारू पिताना लहान नव्हता. (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, गरिबाच्या पोराला त्याच दिवशी सोडलं नसतं, बहुतेक. त्यात तुमचं अगदी बरोबर आहे. १९ मे २०२४ च्या त्या जामिनाच्या आदेशाने लोकांचा विश्वास जेवढा गेला तेवढा परत यायला फार वर्षं लागतील.

पण निबंधापेक्षा मला रक्ताची बाटली जास्त मोठी वाटते. सरकारी हॉस्पिटलमध्ये रक्ताचा नमुनाच बदलला असा आरोप आहे, डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या आईवडिलांना झाली. हा सगळा कारभार मोठ्या माणसांचा, आणि त्यांच्यावरची केस नेहमीच्या कोर्टात चालणार आहे. लक्ष तिकडे ठेवा. निबंधावरचे जोक अजून फिरतायत, रक्ताच्या नमुन्याच्या केसची तारीख कधी आहे हे विचारणारं मात्र कुणी भेटत नाही.

मुलाला सज्ञान धरून खटला चालवायची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, त्यावर पण खूप लोक चिडले. त्यामागे कायदा असा आहे की १६ ते १८ वयाच्या मुलाला सज्ञानासारखं चालवायचं तर गुन्हा "घृणास्पद" वर्गातला लागतो, म्हणजे ज्याला कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे असा. या मुलावरचा आरोप सदोष मनुष्यवधाचा (खुनाच्या खालचा गुन्हा), त्याला जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे पण कमीत कमी ७ वर्षं असं काही नाही, आणि २०२० मध्ये दिल्लीच्या अशाच एका गाडीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. हे बदलायचं तर संसदेने बदलावं. मी स्वतः वय खाली आणायच्या विरोधात आहे. वर नाशिकचा जो मुलगा सांगितला, फाशीच्या यादीत गेलेला, तो गरीब होता आणि त्याचं वय कुणी वेळेवर विचारलंच नाही. बाल न्यायाच्या कायद्यात जास्त करून असलीच मुलं येतात, महागड्या गाडीतला एखादाच. त्या एकाच्या रागात आपण कायदा कडक केला तर तो आपटणार या बाकीच्यांवर.

प्रश्न : एका शब्दात सांगा, बलात्काऱ्याला फाशी हवी की नको? (एक कॉलेज विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : नको. एका शब्दावर थांबता येत नाही मला, म्हणून थोडं पुढे. लहान मुलांच्या केसमध्ये आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला असतो, काका, शेजारी, कधी बाप. तो फासावर जाऊ शकतो म्हटल्यावर घरातल्या बायका मुलीचंच तोंड बंद करतात, हे मी बघितलंय. २०१३ च्या न्या. वर्मा समितीनेही, निर्भयाचा सगळा संताप समोर असताना, बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती.

आणि फाशीने लवकर न्याय मिळतो असं वाटत असेल तर पुण्याची २००७ ची बीपीओतल्या तरुणीची केस बघ. फाशी अगदी सुप्रीम कोर्टापर्यंत कायम झाली, दयेचा अर्ज फेटाळला गेला, आणि मग अंमलबजावणीच्या फाइली सरकारी टेबलांवर इतक्या रेंगाळल्या की २०१९ मध्ये हायकोर्टाला उशिराच्या कारणावरून ती ३५ वर्षांच्या शिक्षेत बदलावी लागली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी पण २०२२ मध्ये तशीच गेली, दयेच्या अर्जावर जवळपास ८ वर्षं काढली म्हणून. त्या घरच्यांना इतकी वर्षं "आता होईल, आता होईल" करत ठेवलं. ठाम जन्मठेप, लवकर लागलेली, मला त्यापेक्षा कितीतरी बरी वाटते.

प्रश्न : ताई, माझा भाऊ मोबाईल चोरीच्या केसमध्ये आहे. बेल मंजूर होऊन दोन महिने झाले तरी आतच आहे. २५ हजाराचा जामीनदार मागतात. आम्ही भाड्याने राहतो, सातबारा नाही, घरपट्टीची पावती नाही, कोणी उभं राहत नाही. वकिलाचे पैसे पण संपले. काय करू? (एक बहीण, परभणी)

उत्तर : ताई, तुझं पत्र शेवटी ठेवलं कारण मला वाटतं वरच्या तिघांनी पण ते वाचावं. २०२२ च्या शेवटी देशातल्या जेलांमध्ये ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. चारात तिघे. त्यात तुझ्या भावासारखे, कोर्टाने सोडा म्हटलेले पण कागद नाही म्हणून बसलेले, असे पण आहेत.

आता कामाचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, तिथे जा. कोठडीत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कोणी मागितला तर सांग की भाऊ जेलमध्ये आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की बेल मिळून ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तुझ्या भावाला दोन महिने झालेत, म्हणजे हे आधीच व्हायला हवं होतं. अर्जात बेल मंजूर झाल्याची तारीख ठळक लिहायला सांग. जामीनदाराऐवजी थोडी रोख रक्कम भरून किंवा नुसत्या जातमुचलक्यावर (त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर) सोडा असा अर्ज करता येतो, आपल्याकडची कोर्टं अशी कॅश बेल देतात. रोख पण नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, त्यात जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते, ते पण प्राधिकरणातच विचार. आणि भावाचा पहिलाच गुन्हा असेल, दुसरी केस नसेल, तर फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या (बीएनएसएस) कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की सुटकेचा विचार व्हायलाच हवा. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे एक वर्ष. पण तोवर वाट बघू नकोस, वरचा अर्ज आधी.

जाताना बेलच्या आदेशाची प्रत, एफआयआर नंबर, तुझं आधार कार्ड आणि भाऊ कोणत्या तारखेपासून आत आहे ते लिहून ने. तिथे कोणी उद्या ये म्हटलं तर १५१०० वर फोन कर, विधी सेवेची हेल्पलाइन आहे. अर्ज दिल्यावर पोच घे, आणि त्या पोचेचा फोटो मला पाठव.