क्षयाच्या रोग्याला घरात वेगळं ठेवावं का?

तुम्ही विचारलंय: भावाला फुप्फुसाचा क्षय निघाला, घरात तीन वर्षांचं मूल आहे, त्याला लांब ठेवावं का, आणि औषध सहा महिने कशाला?

डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात, मागच्या पडवीला एक खोली आहे. आजीच्या धाकट्या जावेला तिथे ठेवलं होतं. ताट-पेला वेगळा. ती गेल्यावर तोही पुरला. ऐपतवाले मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला, म्हणजे क्षयरोग्यांच्या इस्पितळात, जायचे. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने 1882 साली क्षयाचा जंतू दाखवला खरा, पण त्यावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला 1943 उजाडलं. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध आणि पडून राहणं. स्ट्रेप्टोमायसिनही एकटंच दिलं की काही महिन्यांत जंतू त्याला जुमानेनासे होत, म्हणून औषधं जोडीने द्यायची रीत पडली.

'लांब ठेवा' हा समज मोडला मद्रासमध्ये. 1956 साली तिथे 193 रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, बाकीच्यांना दाटीवाटीच्या घरांतच. औषधं सारखीच. घरी राहिलेल्या रुग्णांचं जेवण हलकं, दगदगही जास्त, तरी बरे होण्यात फारसा फरक पडला नाही. घरातल्या माणसांना लागणही जास्त झाली नाही. घरच्यांना जी लागण व्हायची, ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते.

मला स्वतःला झाला तेव्हा एका डॉक्टरांच्या भरवशावर मी दोन महिने नुसतं खोकल्याचं सिरप पीत बसलो. शेवटी सरकारी आरोग्य केंद्रात बेडका तपासला. वजन 58 किलो, रोज चार गोळ्या, उपाशीपोटी. लघवी केशरी झाली तेव्हा टरकलो. तो गोळीतल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा रंग. दुसऱ्या महिन्यात खोकला गेला, भूक लागू लागली, आणि वाटलं, पुरे आता. नेमका तिथेच घात होतो. बरेचसे जंतू लवकर मरतात, पण थोडे निपचित पडून राहतात आणि त्यांना मारायलाच एवढे दिवस लागतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मधेच सोडलं तर उरलेले जंतू साध्या गोळ्यांना दाद न देणारे होऊ शकतात.

तर भावाला घरातच ठेवा. ताट वेगळं नको. रोग भांड्यातून नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. सुरुवातीचे काही आठवडे मास्क, खिडक्या उघड्या, मूल दुसऱ्या खोलीत झोपू दे. त्याला केंद्रात मात्र नक्की न्या: पाच वर्षांखालच्या मुलाला रोग नाही अशी खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. आणि आहारासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, तेव्हा भावाचं बँक पासबुक सोबत न्यायला विसरू नका.