गावात लोकवर्गणीतून पाण्याचं काम करायचंय, पण सगळे समाज एकत्र येत नाहीत. संस्था नोंदवावी का?

संस्थेचं नंतर बघू. आधी तुमच्या वर्गणीच्या यादीत गावातली किती घरं नाहीत ते मोजा.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, ‘गरीब वस्तीतल्या लोकांना आम्ही वर्गणीतून सूट दिली, तरीही ती माणसं बैठकीला फिरकत नाहीत.’ हे वाचलं आणि लिहायला बसलो. सूट दिली म्हणूनच फिरकत नाहीत. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. ही चूक आमच्या गावात झाली तेव्हा पावतीपुस्तक माझ्याच मांडीवर होतं.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्याच्या कडेला आहे. 2016 चा दुष्काळी उन्हाळा मराठवाड्यातल्या कुणाला सांगायला नको. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा चालू होती, गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची. आमचा तालुका स्पर्धेत नव्हता, पण आमची पोरं मोटारसायकलवर जाऊन तिथलं श्रमदान बघून आली आणि म्हणाली, आपणही करू. स्पर्धा नसली तर नसली.

पुढाकार घेतला माझ्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना नसते तर त्या वर्षी एक घमेलं माती हलली नसती, हे मी कुठेही उभं राहून सांगेन. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, ते माळवदाच्या मातीखाली गेले. नाना त्याच दुपारी ट्रॅक्टर घेऊन तिकडे गेले आणि अकरा दिवस परतले नाहीत. तिथं त्यांनी काय काय उपसलं ते आजही पूर्ण सांगत नाहीत. एक गोष्ट मात्र शिकून आले आणि आयुष्यभर धरून बसले: गरिबाला द्यायचं, त्याच्याकडून घ्यायचं नाही.

मारुतीच्या मंडपात पहिली बैठक झाली. एकरी दोनशे रुपये वर्गणी ठरली. नाना उभे राहून म्हणाले, ‘खालच्या वस्तीकडून एक रुपया घ्यायचा नाही. त्यांनी श्रमदान करावं, बास.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खालची वस्ती म्हणजे आमच्याकडं बौद्धांची आणि मातंगांची मिळून साठेक घरं. माझं घर वरच्या आळीतलं, मराठ्याचं. हिशोब माझ्याकडे होता, कारण माझं बी.कॉम. झालेलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडपाच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. अंधार पडायला लागला तशी वस्तीतली एक आज्जी आली. पायरी चढली नाही. खाली उभी राहिली, पदराची गाठ दातानं सोडवली, आतून दहाच्या पाच नोटा काढल्या. घामानं एकमेकींना चिकटलेल्या. एकेक सुटी करून तिनं पायरीवर ठेवली आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवलं, नोटा उडू नयेत म्हणून.

‘फाड पावती,’ म्हणाली.

नाना आतूनच म्हणाले, ‘राहू दे माय. तुमच्याकडून घ्यायची नाही असं ठरलंय.’

‘घ्यायची न्हाई म्हंजी? पाणी आमच्याकडं येणार न्हाई का?’

‘येईल की. फुकट येईल.’

ती माझ्याकडं बघत राहिली. पेन माझ्या हातात होता, कार्बन घातलेला होता, नाव तेवढं लिहायचं होतं. मी नानांकडं बघितलं. तिनं नाणं उचललं, मग नोटा उचलल्या आणि परत गाठ मारली. गाठ मारायला तिला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात मला चारदा पावती लिहिता आली असती.

आता कामाचं सांगतो. पहाटे सहाला श्रमदान सुरू व्हायचं. वस्तीतली माणसं सगळ्यांच्या आधी हजर असायची, कारण टिकाव कसा धरायचा ते त्यांनाच येत होतं. आमच्या आळीतल्या पोरांच्या तळहातांना दुसऱ्या दिवशी फोड आले. माळावरचे समतल चर, म्हणजे उताराला आडवे, पाणी मुरवायला खोदतात ते, बहुतेक त्यांनीच खोदले. नाला खोलीकरणाला जेसीबी लावला, तासाला 700 रुपयांनी. चौदाशे मीटर करायचं ठरलं होतं. अकराशे पन्नास मीटरवर पैसे संपले. उरलेले अडीचशे मीटर वस्तीच्या आडाकडचे होते.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर पाऊस बदाबदा पडला. वरच्या विहिरी तुडुंब भरल्या. नानांच्या विहिरीला तर हात घालून पाणी घेता येत होतं. वस्तीचा आड जानेवारीतच तळाला गेला.

हे कुणी ठरवून केलं का? नाही. नाना म्हणतात ‘माथा ते पायथा’ हे पाणलोटाचं शास्त्र आहे, काम वरूनच खाली यायला पाहिजे. शास्त्र बरोबरच आहे. माळावरचे चर आणि बांध आधी केले नाहीत तर खालचा खोदलेला नाला गाळानं भरतो. पण काम वरून सुरू करायचं म्हणून खालच्या टप्प्याचे पैसे आधी बाजूला काढून ठेवायचे नाहीत, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? बैठकीत खालच्या वस्तीचा एक माणूस बसलेला असता तर पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं असतं, ‘पैसे संपले तर कुठला तुकडा राहील?’ असा प्रश्न ज्याचा तुकडा राहणार असतो त्यालाच सुचतो.

26 जानेवारी 2017 ची ग्रामसभा. आज्जीचा नातू तेव्हा लातूरला बारावीला होता, सुट्टीला आलेला. त्याचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात साखर कारखान्यावर होते. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘पाण्याच्या कामाच्या वर्गणीचा हिशोब वाचून दाखवा.’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘तुमची वर्गणी किती रं? पावती दाखव आधी!’

लोक हसले. पोरगं खाली बसायला लागलं. आज्जी भिंतीला टेकून बसली होती. ती उठली नाही, बोट तेवढं माझ्याकडं केलं. ‘ह्या लेकराला इचारा, मी पैसं आणलं हुतं का न्हाई.’

मी उठलो. आणले होते म्हणालो, एक्कावन्न रुपये, पायरीवर ठेवले होते, पावती मी फाडली नाही. मग घरी जाऊन वही आणली आणि सगळा हिशोब वाचला. त्यात उद्घाटनाचा मंडप, फ्लेक्स आणि जेवणावळ यांचे 11,400 रुपये होते. तेवढ्यात जेसीबीचे सोळा तास झाले असते. सभेत एकदम शांतता झाली. नाना उठून गेले आणि पुढं दीड वर्ष माझ्याशी बोलले नाहीत. एका पैशाचा गैरव्यवहार त्यांनी केला नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. पण घरातला पोरगा भरसभेत उभा राहिला हे त्यांना लागलं.

तुमच्या प्रश्नाचं माझ्या परीनं उत्तर एवढंच आहे. वर्गणीची पावती म्हणजे हिशोब विचारायचा हक्क. ज्याची पावती तुम्ही फाडत नाही, त्याला तुम्ही गावाबाहेर काढता, आणि तेही उपकार केल्यासारखं. त्याच्या घामाला ‘श्रमदान’ म्हणता आणि फलकावर नाव लावता ते पाच हजार देणाऱ्याचं. आमच्या फलकावर एक्केचाळीस नावं होती. खालच्या वस्तीतलं एकही नाही.

2018 ला अडीचशे मीटर पुरे करायला परत वर्गणी काढली, तेव्हा आम्ही काही गोष्टी बदलल्या. आकडा ठरवला नाही. अकरा रुपयांपासून पुढं ज्याला जे जमेल ते, आणि प्रत्येकाला पावती. श्रमदानाचीही पावती: नाव, दिवस, किती तास. दोन्ही पावत्या एकाच पुस्तकातून फाडायच्या, श्रमदानाला वेगळं पुस्तक नाही. ह्यावर भांडण झालं, पण मी हटलो नाही. बैठक मारुतीच्या मंडपातून हलवून शाळेच्या ओट्यावर आणली. मंदिरात कुणाला मनाई नव्हती, पण वस्तीतल्या बायका तिथं कधी बसलेल्या नव्हत्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथं पायरीखाली उभं राहिलं तिथं सतरंजीवर बसा म्हटल्यानं कुणी बसत नाही. हिशोब दर शनिवारी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, आणि लिहिणारा एक वरच्या आळीचा, एक खालच्या वस्तीचा. फलक लावलाच नाही. पुण्यातल्या चाकरमान्या पोरांनी मोठ्या रकमा पाठवल्या होत्या, त्यातले दोघे नाव नाही म्हणून रुसले. रुसू द्या.

आणि बैठकीची तारीख! ह्याचा विचार कुणी करत नाही. आपल्या भागातली ऊसतोडीची घरं दिवाळीनंतर उचल (मुकादमाकडची आगाऊ रक्कम) घेऊन जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. तुम्ही डिसेंबरात बैठक घेणार, वस्तीतून म्हातारी माणसं आणि लेकरं येणार, आणि मग म्हणणार ‘प्रतिसाद नाही’. पाडव्यानंतर घ्या, संध्याकाळी घ्या, बायकांची भाकरी झाल्यावर घ्या.

ह्यात धोकेही आहेत, ते आता लिहितो, आधी लिहायला हवे होते. वर्गणी मागायला कधीही घोळक्यानं दारात जाऊ नका. दहा माणसं उभी राहिली की माणूस उसने काढून देतो, ती वर्गणी राहत नाही. कुणी दिले नाहीत ह्याची यादी कधीच लावू नका. ज्या घरात त्या वर्षी आत्महत्या झाली किंवा सावकाराचा तगादा आहे, तिथं पुस्तक नेऊ नका, पण बैठकीचं बोलावणं मात्र घरी जाऊन द्या. आणि एका पावतीनं जात जात नाही. आमच्या गावात आजही स्मशानभूमी दोन आहेत. मी पाण्याच्या कामापुरतं सांगतोय. शहरातल्या सोसायटीत किंवा मंडळात हे कसं लागू पडेल, ते तिथल्या माणसानं सांगावं.

नाना आता बोलतात माझ्याशी. पण ह्या विषयावर अजून म्हणतात, ‘गरिबाचे एक्कावन्न रुपये घेऊन तू काय मिळवलंस?’ माझी चुलतबहीण त्यांना हे वाचून दाखवणार आहे, म्हणून इथंच लिहितो. नाना, किल्लारीचं तुम्हीच सांगता, की चौथ्या दिवशी पत्र्याच्या आडोशाला एका बाईनं तीन दगडांवर चहा केला. तिचं घर गेलं होतं, दोन माणसं गेली होती. कपाला कान नव्हता. तिनं तो तुमच्यापुढं धरला आणि तुम्ही घेतलात. ‘तिला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही,’ असं तुम्ही दरवेळी सांगता आणि दरवेळी तुमचा आवाज बसतो. त्या बाईपेक्षा आपल्या वस्तीतली आज्जी गरीब होती का? मग तिला नाही म्हणायची छाती कुठून आली?

आता नोंदणीचं. एका उन्हाळ्याच्या कामाला संस्था लागत नाही. दरवर्षी काम करणार असाल, बाहेरच्या कंपन्यांकडून मदत घेणार असाल, तर नोंदवा. किमान सात सभासद लागतात. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली नोंद होते, आणि महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडेही. ते सातही जण एकाच आळीचे असतील तर नोंदणी करूनही तुमचं गाव तुमच्याबरोबर येणार नाही. नोंदणी न करता सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करायचे असतील तर धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी काढा, गणेश मंडळं दरवर्षी काढतात तीच. पुढं देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता (80 जी) मिळाली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नसते, ती रक्कम बँकेतूनच घ्या. बाकी कागदपत्रं कुठलाही सीए सांगेल.

पावतीपुस्तक मात्र आजच छापायला टाका. लातुरात गंजगोलाईच्या बाजूला छापखाने आहेत. दोन प्रतींचं, अनुक्रमांक छापलेलं घ्या, आणि पहिलं पान फाडायचं ते वस्तीत जाऊन फाडा. आमच्या 2018 च्या पुस्तकातली पहिली पावती आज्जीची आहे. रक्कम तिनं तीच सांगितली, एक्कावन्न. पावती घेतली, वाचता येत नव्हतं म्हणून नातवाला वाचायला लावली, आणि पदराच्या त्याच गाठीत बांधली.