ईईजी नॉर्मल आला, मग फिटच्या गोळ्या कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीत शिकणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांत दोन वेळा फिट आली, दोन्ही वेळा सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, ईईजी आणि मेंदूचा एमआरआय दोन्ही नॉर्मल आले, तरीही डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटॅमच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या काही वर्षे घ्याव्या लागतील असे सांगितले. तपासण्यांत काहीच निघाले नसताना हे निदान कशाच्या आधारावर केले, आणि गोळ्या थांबवून पाहाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे.

मी २२ वर्षे एका जिल्ह्याच्या गावी मेंदूविकारांचे रुग्ण तपासते आहे. तुमच्या मुलीला मी पाहिलेले नाही, त्यामुळे तिच्या उपचारांचा निर्णय तिच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. परंतु केवळ ईईजी नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करू नयेत, एवढे मी निःशंकपणे सांगू शकते. गोळ्या एकाएकी बंद केल्या तर मधे शुद्धीवर न येता एकामागून एक फिट येत राहण्याची वेळ ओढवू शकते, आणि ती जिवावर बेतणारी असते.

आता ईईजीविषयी. १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर या मनोविकारतज्ज्ञाने माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज यंत्रे संगणकीय झाली असली तरी तत्त्व तेच आहे. डोक्याच्या त्वचेला पेस्टने चिकटवलेल्या वीसेक तारा खालच्या असंख्य पेशींच्या एकत्रित लहरी टिपतात, आणि त्याही तपासणीच्या त्या अर्ध्या तासापुरत्याच. फिट येते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, दीड-दोन मिनिटांसाठी. ती नेमकी तारा लावलेल्या वेळी येईल अशी अपेक्षा कोणीच करत नाही. मात्र दोन फिटांच्या मधल्या काळातही मेंदूतून अधूनमधून टोकदार लहरी उमटत असतात, आणि त्या सापडतात का एवढेच आम्ही पाहत असतो. ज्यांना नक्की अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, आहे अशांपैकीही साधारण निम्म्याच जणांच्या पहिल्या ईईजीत त्या सापडतात. तपासणी पुन्हा केली, झोपेतली नोंद घेतली, तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते, पण शंभरावर जात नाही. शिवारात बिबट्याचा वावर असतो, आणि आपण भर दुपारी अर्धा तास बांधावर उभे राहून परत येतो. तो दिसला नाही म्हणून तो नाहीच, असे गावात कोणी म्हणत नाही. याची दुसरी बाजूही आहे: ज्यांना आयुष्यात कधी फिट आलेली नाही अशा थोड्या निरोगी माणसांच्या ईईजीतही या लहरी दिसतात, आणि केवळ त्या कागदावरून गोळ्या सुरू झालेली माणसे मी पाहिली आहेत. दोन्ही चुका एकाच समजुतीतून होतात, की निदान यंत्र करते.

निदान होते ते घडलेल्या प्रसंगाच्या वर्णनातून. म्हणून माझ्याकडे रुग्ण आला की ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्या माणसाला मी बोलावून घेते, मग ती आजी असो की वर्गातली मैत्रीण, कारण रुग्णाला स्वतःला मधले काही आठवत नसते. प्रार्थनेच्या रांगेत उन्हात उभी असलेली मुलगी आधी कासावीस होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, ती पांढरीफटक पडून खाली कोसळते, हातापायांना चार-दोन झटकेही येतात, पण आडवी झाल्यावर मिनिटभरात डोळे उघडून "मी कुठे पडले?" असे विचारते, ही बहुतेक वेळा साधी चक्कर असते, त्या झटक्यांना फिट समजू नये. याउलट काहीच पूर्वसूचना न देता ओरडून खाली पडणे, अंग ताठ होणे, दातखीळ बसणे, मग लयीत झटके येणे, जीभ कडेला चावली जाणे, आणि नंतर अर्धा तास गुंगीत राहून घरच्यांना न ओळखणे, हे सारे ऐकले की निदान बरेचसे तिथेच होते. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही प्रसंगांचे वर्णन दुसऱ्या प्रकारचे आहे. ताप, रक्तातील साखर एकदम उतरणे, डोक्याला ताजा मार यांसारखे तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून अधिक अंतराने दोन फिट आल्या, की त्याला अपस्मार म्हणावे, अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येत ईईजीची अट नाही. तुमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या त्या याच आधारावर, आणि माझ्या मते ते योग्यच केले.

तुमच्या प्रश्नातील एका वाक्यावर मात्र मी थांबले: "परीक्षेमुळे ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होती." सतरा वर्षे वय, अपुरी झोप, आणि उठल्यावर थोड्या वेळाने येणारी फिट, ही सांगड मला फार ओळखीची आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीला तिचे वडील घेऊन आले होते. वर्षभर कार्बामाझेपिन हे फिटचे औषध चालू होते आणि तरीही त्रास वाढतच होता. मी तिला विचारले, "सकाळी हातातून वस्तू पडतात का?" ती गप्प राहिली आणि तिची आई म्हणाली, "अहो, तिला वेंधळेपणाची सवयच आहे. दोन महिन्यांत चहाचे चार कप फुटले." मुलगी रडू लागली. सकाळी वेणी घालताना हाताला आपोआप हिसका बसे आणि कंगवा समोरच्या भिंतीपर्यंत उडे. दात घासताना ब्रश हातातून सुटे. ती पूर्ण शुद्धीवर असे, त्यामुळे हा आजार आहे असे तिलाही वाटले नव्हते आणि घरी रोज बोलणी मात्र खावी लागत होती. ते कप तिने पाडले नव्हते. ते हिसके म्हणजे क्षणभराच्या छोट्या फिटच होत्या.

या प्रकाराला जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. १९५७ साली जर्मनीतील डीटर यान्त्स यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्याचे सविस्तर वर्णन केले. तो बहुधा बारा ते अठरा या वयात सुरू होतो, बुद्धीवर त्याचा परिणाम होत नाही, आणि एमआरआय नॉर्मल असणे हेच त्यात अपेक्षित असते, कारण मेंदूच्या रचनेत डोळ्यांना दिसेल असा दोष नसतो. दोष पेशींच्या विद्युतव्यवहारात असतो आणि त्याला आनुवंशिक प्रवृत्तीची जोड असते. तुमच्या मुलीला हेच आहे असे मी म्हणत नाही. तिला शांतपणे, रागावल्याचा सूर न येऊ देता, एवढेच विचारा की सकाळी उठल्यावर हाताला किंवा खांद्याला दचकल्यासारखे हिसके बसतात का, वस्तू निसटतात का. उत्तर "हो" असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि शक्य असेल तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून ठेवा. दहा सेकंदांचा तो व्हिडिओ मला दहा पानांच्या फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

हे नाव नक्की होणे इतके महत्त्वाचे का, तर औषधाची निवड त्यावर ठरते. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटांवर उत्तम चालणारे कार्बामाझेपिन या आजारात हिसके वाढवू शकते, आणि फेनिटोइन या फिटच्या दुसऱ्या औषधाचेही तसेच होऊ शकते. त्या मुलीचे औषध बदलल्यावर दोन महिन्यांत हिसके थांबले. औषध चांगले होते, आजार वेगळा होता. या प्रकारात सर्वांत परिणामकारक औषध व्हॅल्प्रोएट मानले जाते, परंतु गरोदरपणी ते चालू असेल तर साधारण शंभरांत दहा बाळांना जन्मजात व्यंग असते, आणि ३० ते ४० बाळांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम दिसतो. म्हणून मुलींना शक्यतो दुसऱ्या औषधाने सुरुवात करतात. तुमच्या डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटॅम निवडले त्यामागे हा विचार असण्याची शक्यता आहे. या गोळीने काही मुलांची चिडचिड वाढते, मन उदास होते. तसे दिसले तर "परीक्षेचा ताण आहे" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना कळवा. डोस किंवा औषध बदलता येते.

ईईजी पुन्हा करायचा ठरला तर तो रात्री कमी झोप घेऊन, सकाळी, झोप लागताना आणि जाग येतानाची नोंद मिळेल अशा रीतीने करता येतो का हे विचारा. केस धुतलेले आणि तेल न लावलेले असावेत. तंत्रज्ञ तीन मिनिटे दीर्घ श्वास घ्यायला सांगतील आणि डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतील, कारण या दोन्हींमुळे लपलेल्या लहरी वर येतात. त्या तपासणीसाठी स्वतःच्या मनाने गोळी मात्र चुकवू नका, आणि जागरण किती करायचे हेही डॉक्टरांकडून विचारून घ्या.

एमआरआय कशासाठी केला, तर गाठ, जुनी इजा किंवा आपल्याकडे बऱ्याच वेळा सापडणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या नाहीत ना, हे पाहण्यासाठी. या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी घरांतही हा आजार होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो प्रश्न मिटला आहे.

गोळ्या किती दिवस, याचे उत्तर प्रकारानुसार बदलते. अनेक प्रकारांत सलग दोन-तीन वर्षे फिट आली नाही तर डॉक्टर गोळ्या हळूहळू, काही महिन्यांत कमी करून पाहतात. वर सांगितलेल्या प्रकारात मात्र गोळी सोडल्यावर फिट परत येण्याचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे ती दीर्घकाळ घ्यावी लागू शकते. हे ऐकून धसका घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य उपचार मिळाले तर अपस्माराच्या १०० पैकी सुमारे ७० रुग्णांना फिटशिवाय जगता येते, आणि या प्रकारात तर बहुतेकांना औषधाचा चांगला गुण येतो. गोळीइतकीच झोप महत्त्वाची आहे. पहाटे उठून अभ्यास करायचा असेल तर रात्री लवकर झोपू द्या. लग्नघरातली जागरणे, रात्रभराचा एसटीचा प्रवास आणि गडबडीत चुकलेली गोळी एकत्र आली की फिट येते, हे मी दर लग्नसराईत पाहते.

पुन्हा फिट आलीच तर तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आसपासच्या टणक वस्तू बाजूला करा आणि घड्याळ पाहा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही; ती आपोआप थांबत असते आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर लगेच रुग्णालय गाठा. फिट थांबवण्यासाठी नाकात मारण्याचा मिडॅझोलाम या औषधाचा स्प्रे घरी ठेवावा का आणि तो कसा वापरायचा, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. विहिरीवर, तळ्यावर तिला एकटी पाठवू नका, आणि न्हाणीघराला आतून कडी लावू नये, एवढे तिला समजावून सांगा.

तुम्ही शेवटी लिहिले आहे की नातेवाईक "बाहेर बोलू नका, पुढे लग्नाला अडचण येईल" असे म्हणतात. यावर मला मोकळेपणाने बोलायचे आहे, कारण लपवाछपवीने झालेले नुकसान मी वर्षानुवर्षे पाहते आहे. सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या आठवड्यात गोळ्या सोडलेली, आणि मांडवपरतणीआधीच बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आणलेली नवरी मी तपासली आहे. तिला आधीची दोन वर्षे एकही फिट आली नव्हती. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा पूर्वी लग्नाच्या आड येणारा आजार म्हणून नोंदलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. आज अपस्मार असलेल्या मुली शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात, आणि औषधांची आखणी आधीपासून नीट केली तर त्यांतल्या बहुतेकींना निरोगी मुले होतात. ही आखणी गरोदर राहण्याच्या कितीतरी आधी करावी लागते, फॉलिक ॲसिड सुरू करावे लागते, आणि गोळी लपवून घ्यावी लागत असेल तर यांतले काहीच जमत नाही.

पुढच्या भेटीला जाताना एका वहीत दोन्ही फिटांची तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, पाळीची तारीख आणि चुकलेल्या गोळ्या लिहून न्या, ज्यांनी फिट प्रत्यक्ष पाहिली त्यांना बरोबर घ्या, आणि सकाळच्या हिसक्यांविषयी मुलीला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.