जुन्या सान्सुई अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर स्विच कुठे मिळेल?

सेट सत्तरच्या दशकातला असेल आणि दाबलेला स्विच आत टिकत नसेल, तर तो बदलावाच लागेल. पार्ट नंबर घेऊन वणवण करू नका, मूळ स्विच बहुधा मिळणार नाही. प्लग काढून जुना स्विच सोडवा, पिनांमधलं अंतर आणि दांड्याची लांबी मोजा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो नमुनाच दाखवा. नव्यावर ‘टीव्ही-५’ रेटिंग हवंच. चालू करताना ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतात. या रेटिंगचा स्विच ७८ अँपिअरपर्यंतचा झटका सोसतो, साध्याचे काँटॅक्ट चिकटतात. जुन्या स्विचवर ठिणगी दाबणारा छोटा कपॅसिटर असेल तर तोही बदला, पण एक्स२ वर्गाचाच, म्हणजे थेट मेन्सच्या विजेवर लावायला सुरक्षित असलेला. आणि पुढचं अ‍ॅल्युमिनियमचं बटण जिवापाड जपा, तसं दुसरं मिळणं फार कठीण.